हॅचरीतली धूळ आणि तिच्यावरचे जंतू

कोंबडीचे अंडे उबायला 21 दिवस लागतात. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवणी केंद्रात, त्यांतले पहिले 18 दिवस अंडी सेटर नावाच्या यंत्रात असतात. तिथे तापमान साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आर्द्रता 50 ते 60 टक्के असते, आणि दर तासाला ट्रे एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला कलतात. मग अंडी हॅचर या दुसऱ्या यंत्रात हलवतात आणि शेवटचे 3 दिवस ती तिथेच राहतात. सेटरमधल्या हवेत तशी फार धूळ नसते. हॅचरमध्ये मात्र पिल्ले बाहेर पडू लागली की काही तासांतच हवेतली धूळ आणि त्या धुळीवर बसलेले जंतू अनेक पटींनी वाढतात. पिल्लांच्या पहिल्या आठवड्यातल्या मरतुकीचा मोठा वाटा या काही तासांत ठरतो.

ही धूळ बाहेरून येत नाही. ती पिल्लांचीच असते. कवचातून बाहेर आलेले पिल्लू ओलेचिंब असते आणि त्याची लव दोऱ्यासारखी अंगाला चिकटलेली असते. लवेच्या प्रत्येक केसाभोवती केराटिनचे एक पातळ वेष्टन असते. अंग वाळले की ते वेष्टन तडकते, लव फुलते आणि वेष्टनाचा भुगा हवेत जातो. दुकानात दिसणारे पिवळेधमक, कापसासारखे पिल्लू तयार होताना हा भुगा अपरिहार्यपणे पडतोच. त्यात तुटलेले केस, कवचाची पूड, वाळलेल्या पडद्याचे तुकडे आणि पिल्लाच्या पहिल्या विष्ठेचे कण मिसळतात. या सगळ्या मिश्रणाला हॅचरीत फ्लफ म्हणतात. एका हॅचरमध्ये पंधरा-वीस हजार अंडी असली, तर हा भुगा किती निघत असेल याचा अंदाज यावा. हॅच काढायच्या दिवशी दार उघडले की भिंतींवर, पंख्याच्या पात्यांवर, ट्रेच्या जाळीत सगळीकडे पिवळट करड्या रंगाचा थर बसलेला दिसतो. बोटाने तो ओढला तर नमद्यासारखा सलग सुटून येतो.

एवढा थर खाली बसला तरी खरी अडचण न बसलेल्या धुळीची असते. स्तब्ध हवेत 10 मायक्रॉनचा कण तासाला साधारण 11 मीटर खाली येतो, म्हणजे छतापासून फरशीपर्यंत यायला त्याला 20-25 मिनिटे पुरतात. 1 मायक्रॉनचा कण मात्र अख्ख्या तासात जेमतेम 12-13 सेंटिमीटर उतरतो. हॅचरमध्ये तर हवा कधी स्तब्ध नसतेच, कारण पंखा बंद केला तर पिल्ले गुदमरतील. त्यामुळे बारीक कण तासन्‌तास फिरत राहतात आणि प्रत्येक फेरीत नव्या पिल्लाच्या नाकापुढून, ओल्या बेंबीवरून जातात.

हा प्रश्न पंख्याबरोबरच आला. जुन्या काळातल्या लहान उबवणी पेट्यांत हवा आपोआप, संथपणे वर चढे; अंडी मोजकी असत आणि एका पेटीतला रोग सहसा त्या पेटीतच राही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सॅम्युएल स्मिथ यांना 1918 मध्ये पंख्याने हवा खेळवणाऱ्या उबवणी यंत्राचे पेटंट मिळाले. जुनी अंडी स्वतः उष्णता सोडतात, नवीन अंड्यांना उष्णता लागते; पंख्याने ती एकीकडून दुसरीकडे नेली तर एकाच खोलीत हजारो अंडी उबवता येतात, ही त्यामागची कल्पना. आजची अवाढव्य हॅचरी त्यातूनच उभी राहिली. पण उष्णता नेणारी हवा जंतूही नेते. पुलोरम नावाचा रोग, म्हणजे कोवळ्या पिल्लांची पांढरी हगवण, तेव्हा अमेरिकेत थैमान घालत होता. त्याचा जंतू रोगवाहक कोंबडीच्या अंड्यातूनच पिल्लात उतरतो, आणि अशा पिल्लाचा फ्लफ पंख्याच्या वाऱ्यावर शेजारच्या निरोगी पिल्लांपर्यंत पोहोचतो. 1935 मध्ये तिथे पुलोरमविरुद्ध कोंबड्यांच्या रक्ततपासणीची राष्ट्रीय योजना सुरू झाली. हॅचरी शिस्तीचा पाया त्याच काळात घातला गेला.

जंतू अंड्यात शिरतात कसे, हे समजून घेतले तर हवेचे महत्त्व आणखी कळते. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात, कारण आतल्या गर्भाला श्वास घ्यावा लागतो. त्यांतून वाफ जाऊन अंड्याचे वजन 18 दिवसांत 11-12 टक्के घटते. या छिद्रांवर क्युटिकल नावाचे पातळ आवरण असते आणि कोरड्या अंड्यात जंतूंना सहज वाट मिळत नाही. अंडे ओले झाले की चित्र पालटते. घातल्या घातल्या अंडे कोंबडीच्या अंगाइतके, सुमारे 41 अंश गरम असते. ते थंड होताना आतला ऐवज आकसतो आणि कवचावर घाण असली तर तिच्यातले जंतू आत ओढले जातात. दुसरा धोका साठवणीच्या खोलीत असतो. 16-18 अंशांत ठेवलेली अंडी एकदम उकाड्यात आणली की त्यांना घाम फुटतो. महाराष्ट्रात जून-जुलैच्या दमट हवेत हे हमखास घडते. अशा घामेजलेल्या अंड्यांवर धूळ बसली, तर जंतूंना पाणी, अन्न आणि दरवाजा तिन्ही एकदम मिळतात.

हॅचरमध्ये या वाटेचीही गरज उरत नाही. पिल्लू 19व्या-20व्या दिवशी चोचीने आतला पडदा फाडून अंड्याच्या बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत श्वास घेऊ लागते आणि मग कवच टोचते. त्या फटीतून येणारी बाहेरची हवा म्हणजे हॅचरची हवा. सोबत पोटात ओढला गेलेला बलक आणि नुकतीच मिटत असलेली बेंबी असते. ई. कोलाय, स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास यांच्यापैकी कुणी बेंबीतून आत गेले की बलक सडतो, पोट फुगते, बेंबी ओली आणि लालसर दिसते, आणि पिल्लू पहिल्या आठवड्यात मरते. पोल्ट्रीवाले याला योक इन्फेक्शन म्हणतात. फुफ्फुसांचा शत्रू वेगळा आहे. अॅस्परजिलस फ्युमिगॅटस या बुरशीचे बीजाणू 2-3 मायक्रॉनचे असतात, म्हणजे हवेत तरंगायला आणि फुफ्फुसात खोल जायला अगदी नेमक्या मापाचे. आठवडाभरात पिल्ले चोच उघडून धापा टाकू लागतात. फुफ्फुसांत आणि हवेच्या पिशव्यांत पांढऱ्या-पिवळ्या गाठी दिसतात. त्यावर परवडणारे औषध नाही.

साल्मोनेलाचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्याची लागण झालेले पिल्लू बहुतेकदा आजारी दिसतच नाही. त्याच्या आतड्यात जंतू बसतो आणि ताटापर्यंत पोहोचू शकतो. अमेरिकी कृषी खात्याच्या अथेन्स, जॉर्जिया येथील संशोधकांनी 1990च्या दशकात मुद्दाम साल्मोनेला लावलेली थोडी अंडी स्वच्छ अंड्यांबरोबर उबवली. हॅच संपेपर्यंत जंतू शेजारच्या अंड्यांवर आणि पिल्लांवर पसरलेला आढळला. जंतू लावलेली अंडी मोजकी असली तरी त्याची पोच हॅचरच्या सगळ्या कपाटभर होती.

सेटरमध्येही एक अपघात होतो, तो अंडे फुटण्याचा. जंतू शिरून सडलेल्या अंड्यात वायू साठतो आणि एखाद्या क्षणी कवच फटकन फुटते. आतला हिरवट, दुर्गंधी द्रव आजूबाजूच्या डझनावारी अंड्यांवर उडतो आणि वाळल्यावर तोही धूळ होतो. असे अंडे सहसा मुळातच घाणेरडे असते: घरट्याबाहेर, फरशीवर घातलेले, विष्ठा लागलेले, किंवा ओल्या फडक्याने पुसून क्युटिकल घालवलेले. अनुभवी हॅचरीवाले अशी अंडी घेतच नाहीत. घ्यावीच लागली तर ट्रॉलीच्या सर्वांत खालच्या ट्रेमध्ये ठेवतात, म्हणजे फुटले तरी दुसऱ्यावर काही गळणार नाही. हवेची स्वच्छता इथून, उबवणीची अंडी पुरवणाऱ्या ब्रीडर फार्मवरच्या घरट्यातल्या भुशापासून सुरू होते. तो भुसा बुरशीचा असेल तर हॅचरीत कितीही फवारा, उपयोग मर्यादितच.

हवेच्या प्रवासाचा नियम साधा आहे: ती स्वच्छ खोलीकडून घाण खोलीकडे जावी, उलट कधीही नाही. अंड्यांची खोली, सेटर, ट्रान्सफरची जागा, हॅचर, पिल्ले मोजण्याची खोली आणि शेवटी ट्रे धुण्याची खोली, असा क्रम इमारतीतच बांधलेला असतो. सेटरच्या खोलीत हवेचा दाब शेजारपेक्षा किंचित जास्त आणि धुण्याच्या खोलीत किंचित कमी ठेवतात. फरक काही पास्कलांचाच असतो, पण दार उघडले की हवा कुठे जाणार हे तोच ठरवतो. कामगार चहाला जाताना मधले दार विटेचा टेकू देऊन उघडे ठेवतात, तेव्हा या सगळ्या हिशोबाचा बोजवारा उडतो. माणसांनीही याच दिशेने जावे. हॅचरमध्ये काम केलेल्याने त्याच कपड्यांत सेटरकडे परतणे म्हणजे फ्लफ हाताने नेऊन टाकण्यासारखे आहे.

हॅचरमधून बाहेर पडणारी हवा एका बंद कोठीत सोडतात आणि तिथे फ्लफ पाण्याने भिजवून खाली बसवतात. हे न करता ती सरळ छपरावर सोडली तर ती ताज्या हवेच्या झरोक्यातून परत आत येते. महाराष्ट्रात पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. हवा आत घेण्याची बाजू त्या अंगाला आणि सोडण्याची बाजू विरुद्ध अंगाला ठेवावी, हे नकाशा काढतानाच ठरवले तर फुकट होते. नंतर भिंत फोडून करायचे तर महागात पडते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खोल्या थंड ठेवायला ओल्या पॅडचे कूलर लावतात. त्या पॅडमधले पाणी बदलले नाही, शेवाळ-बुरशी साचू दिली, तर तो कूलर गारव्याबरोबर बीजाणूंचाही पुरवठा करतो.

पिल्ले कधी काढायची, हाही धुळीचाच प्रश्न आहे. बहुतांश पिल्ले वाळलेली, पण 100 पैकी साधारण 5 पिल्लांची मान मागून अजून ओलसर असते, ती योग्य वेळ मानतात. त्यानंतर ठेवली तर पिल्ले निर्जल होतात आणि फ्लफही वाढतच जातो. सगळी अंडी एकदम न फुटता दीड-दोन दिवस रेंगाळली, तर लवकर निघालेली पिल्ले धूळ तयार करत राहतात आणि उशिरा निघणारी ती श्वासात घेतात. एकाच वयाच्या कोंबड्यांची, एकाच दिवसाची अंडी एकत्र भरणे आणि सेटरचे तापमान सगळीकडे सारखे ठेवणे हा धूळ कमी करण्याचाच उपाय आहे, जरी वहीत तो तसा लिहिला जात नाही.

पिल्ले काढल्यानंतरची साफसफाई हा दुसरा निर्णायक टप्पा. कोरडा झाडू किंवा कॉम्प्रेसरची हवा मारून फ्लफ उडवणे ही सर्रास दिसणारी चूक. त्याने जमिनीवरचा जंतू छतापर्यंत जातो. आधी सगळे हलक्या फवाऱ्याने ओले करावे, ओला कचरा गोळा करावा, मग साबणाचा फेस लावावा, धुवावे आणि शेवटी जंतुनाशक वापरावे. पहिल्या धुण्याला पाणी कोमटच हवे, कारण कढत पाण्याने अंड्यातली प्रथिने शिजून पत्र्याला चिकटतात. जोरदार दाबाने पाणी मारले तर बारीक तुषारांबरोबर जंतू पुन्हा हवेत उडतात. आणि जंतुनाशक घाणीवर काम करत नाही: सेंद्रिय मळ त्याचा प्रभाव मारून टाकतो. न धुता फवारलेले औषध म्हणजे खर्च तेवढा, फळ नाही. धुतल्यावर यंत्र पूर्ण वाळलेच पाहिजे. गडबडीत ओलेच भरलेले हॅचर बुरशीला आयतेच मिळते.

या सगळ्याऐवजी कित्येक ठिकाणी विश्वास टाकला जातो तो धुरीवर. पद्धत जुनी आहे. पोटॅशिअम परमँगनेट आणि फॉर्मॅलिन एकत्र आले की फॉर्मल्डिहाइड वायू जोराने निघतो आणि तो जंतूंना आणि बुरशीला मारतो. 100 घनफूट जागेला 20 ग्रॅम परमँगनेट आणि 40 मिलिलिटर फॉर्मॅलिन ही एकपट मात्रा. रिकाम्या यंत्राला तिप्पट देतात. भांडे मातीचे किंवा धातूचे, औषधाच्या मानाने दसपट मोठे लागते, कारण मिश्रण उकळून वर येते. खोली उबदार आणि दमट असली तरच वायू नीट काम करतो, साधारण 24 अंश आणि 75 टक्के आर्द्रता धरतात. सेटरमध्ये अंडी भरल्यानंतरच्या 24 ते 96 तासांत धुरी देत नाहीत. त्या काळात गर्भ नाजूक असतो. हॅचरमध्ये पिल्ले असताना काही ठिकाणी फॉर्मॅलिन अतिशय मंद प्रमाणात वाफवत ठेवतात. पिल्लांचा रंग त्याने गडद पिवळा होतो आणि बाजारात तो रंग आवडतो, हे या प्रथेच्या दीर्घायुष्याचे एक कारण असावे.

पण किंमत आहे. हा वायू पिल्लांच्या श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांना इजा करतो, म्हणजे धूळ बाहेर लोटणारी त्यांची स्वतःची यंत्रणाच अधू करतो. माणसालाही तो घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणारे असल्याचा निष्कर्ष काढला. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी हवेत त्याची मर्यादा 10 लाख भागांत पाऊण भाग आहे. नाकाला वासाची सवय होते. म्हणून ‘वास येत नाही’ हा सुरक्षेचा पुरावा होत नाही.

पर्याय आहेत, पण प्रत्येकाला मर्यादा आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या धुक्यातून शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच उरतो. मात्र ते धुके धातू खराब करू शकते आणि पिल्ले वाळायच्या वेळी आर्द्रता वाढवते. अतिनील दिव्याचा 254 नॅनोमीटरचा प्रकाश जंतू मारतो, पण सावलीत पोहोचत नाही. आणि हॅचरमध्ये दिव्यावरच फ्लफ बसतो, मग काचेमागे दिवा जळतो आणि पुढे अंधार. ओझोन वास येईल इतका ठेवला तर पिल्लांनाही त्रास.

वेगळा विचार आला तो पुन्हा अथेन्समधूनच. जंतू धुळीवर बसूनच फिरतात, तर जंतू मारत बसण्यापेक्षा धूळच धरावी, या कल्पनेवर कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत बेली मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेचा उपाय करून पाहिला. टोकदार तारांवर हजारो व्होल्टचा ऋण विद्युतदाब देतात; प्रवाह मात्र अगदी क्षीण असतो. टोकांवरून निघणारे ऋण आयन हवेतल्या कणांना चिकटतात आणि भारित कण जमिनीशी जोडलेल्या पत्र्यांकडे, भिंतींकडे ओढले जातात. पत्रे नंतर पाण्याने धुता येतात. 2002 मध्ये ‘पोल्ट्री सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हवेतली धूळ सरासरी 93.6 टक्क्यांनी कमी झाली, जंतू 85 ते 93 टक्क्यांनी कमी झाले आणि या हॅचरमधली पिल्ले 7 दिवसांची झाल्यावर त्यांच्या आतड्यातला साल्मोनेलाही हजारपटींहून अधिक घटलेला दिसला. हे आकडे प्रायोगिक कपाटांतले आहेत, हे विसरता येत नाही. प्रत्यक्ष हॅचरीत तारांवर आणि इन्सुलेटरवर फ्लफ साचून विजेची गळती होते, पत्रे वेळेवर धुवावे लागतात, आणि विजेबरोबर थोडा ओझोनही निघतो, त्यावर नजर ठेवावी लागते. तरी विचाराची दिशा योग्य वाटते. मेलेला जंतू धुळीवरच राहतो आणि ती धूळ पिल्लाच्या फुफ्फुसाला खुपतेच. पत्र्यावर चिकटलेला कण मात्र हवेतून कायमचा जातो.

अस्वच्छ हवेची उणीव बरीच वर्षे प्रतिजैविकांनी झाकली जात होती. एक दिवसाच्या पिल्लाला किंवा 18व्या दिवशी अंड्यातच, मॅरेक्स या रोगाच्या लसीबरोबर जेंटामायसिनसारखे औषध टोचले की बेंबीचे आजार दबून जात. कॅनडात माणसांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या गटातल्या प्रतिजैविकांचा असा प्रतिबंधात्मक वापर कोंबडीपालकांनी 2014 मध्ये थांबवला. औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात ही भीती सगळीकडेच आहे. औषध काढून घेतले की हॅचरीची हवा कशी होती ते लगेच कळते. अंड्यातल्या लसीकरणाचा एक उलटा परिणामही लक्षात ठेवण्याजोगा आहे: सुईने कवचाला पडलेले भोक शेवटचे 3 दिवस उघडेच राहते, आणि खोलीच्या हवेत अॅस्परजिलस असेल तर त्याला थेट दार मिळते.

हवा किती घाण आहे, हे डोळ्यांनी ठरत नाही. सर्वांत सोपी तपासणी उघड्या तबकडीची. जंतू वाढवणारे अन्न घातलेली पेट्री तबकडी खोलीत 10-15 मिनिटे उघडी ठेवतात, झाकतात आणि उबवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढलेल्या ठिपक्यांवरून कुठल्या खोलीत किती जंतू होते ते कळते. बुरशीसाठी वेगळे अन्न लागते आणि थांबावेही जास्त लागते. फ्लफची तपासणी अधिक बोलकी. हॅच काढताना हॅचरमधला फ्लफ निर्जंतुक पिशवीत गोळा करतात, ठरावीक वजनाचा पाण्यात मिसळून तबकडीवर पसरतात आणि एका ग्रॅममागे किती जंतू आहेत ते मोजतात. एका आठवड्याच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. दर आठवड्याला त्याच हॅचरमधून, त्याच वेळी घेतलेल्या नमुन्यांची मालिका खरी माहिती देते.

राज्य शासनाची पुण्यात खडकीला आणि इतर ठिकाणी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. तिथून बाहेर पडणारी एक दिवसाची पिल्ले खेड्यातल्या परसात जातात. तिथे ना तापमान मोजणारे कोणी, ना जनावरांचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर. अशा पिल्लाने पहिला आठवडा निभावला पाहिजे. खासगी कंपनीच्या ब्रॉयलर शेडपेक्षा इथे हॅचरीच्या हवेचा ठसा अधिक काळ उमटलेला राहतो.

हॅचरीत काम करणाऱ्या माणसांनाही ही हवा बाधते, आणि त्यांना साध्या कापडी रुमालाचा उपयोग थोडाच. फ्लफ हाताळताना एन-95 दर्जाचा मास्क, चष्मा आणि धुण्याच्या खोलीसाठी वेगळे बूट हवेत. वर्षानुवर्षे पिसांची धूळ श्वासात गेल्याने दमा आणि फुफ्फुसांची अॅलर्जी जडलेली माणसे या व्यवसायात आढळतात. पिल्ले दोन दिवसांत निघून जातात, माणूस तिथेच राहतो. म्हणून धूळ धरून ठेवणाऱ्या उपायांचा फायदा आधी त्याच्याच पदरात पडतो.

तबकडीच्या आणि फ्लफच्या तपासणीचा कागद आला की तो वाचायची पद्धतही ठरलेली असावी. सगळ्या हॅचरमध्ये जंतू वाढले असतील तर दोष बहुधा हवेच्या वाटेत, धुण्यात किंवा जंतुनाशकात. एकाच हॅचरमध्ये वाढले असतील तर त्यातली अंडी कुठल्या फार्मची होती ते पाहतात. ठिपक्यांत निळसर-हिरवी बुरशी अचानक दिसू लागली, तर कूलरचे पॅड, हवेचे गाळणे आणि छताची ओल तपासून झाल्यावर ब्रीडर फार्मला फोन जातो, आणि घरट्यात टाकलेला भुसा कुठल्या गोदामातून, कोणत्या आठवड्यात आला हे विचारले जाते.